अंतर उद्यानाच्या फाटकापासून मोजा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
सस्नेह नमस्कार.

शहरात दरडोई किती चौरस मीटर हिरवी जागा आहे, हा आकडा आपल्या खात्याच्या अहवालांत असतो. तो सरासरीचा आहे. शहराच्या एका टोकाला मोठे वन असले की आकडा फुगतो आणि दाट वस्तीच्या वाट्याला काय आले ते झाकले जाते. २००८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या अभ्यासात, हिरवाई जास्त असलेल्या भागांत गरीब-श्रीमंतांच्या मृत्युदरातली तफावत कमी आढळली. एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण निधी आधी कुठे द्यावा हे ठरवायला तो पुरेसा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी असे सुचवले आहे. हे अंतर सरळ रेषेतले आहे आणि घोळ इथेच होतो. मध्ये नाला, रेल्वेमार्ग किंवा सलग भिंत आली की त्याच ३०० मीटरचे चालताना किलोमीटरभर होते. म्हणून मोजणी उद्यानाच्या हद्दीपासून नको, फाटकापासून आणि चालण्याच्या वाटेने हवी. पुष्कळदा नव्या बागेची गरजच नसते. वस्तीच्या बाजूला दुसरे फाटक काढले की भागते. ते फाटक लोक कामावरून परततात त्या वेळी उघडे असावे, आत दिवे, पाणी आणि स्वच्छतागृह असावे. यांतले काही नसले तर पहिल्यांदा बायका आणि म्हातारी माणसे येणे थांबवतात.

जिथे अर्धा हेक्टर मोकळा नाही, तिथे रस्त्याकडेची झाडे हाच आधार, आणि ती मरतात ती लावण्याच्या पद्धतीमुळे. पिशवी न काढता रोप खड्ड्यात जाते, मुळे गोल फिरत राहतात. बुंधा मातीत खोल पुरला की साल कुजते. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत भिडवले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. वेळेत न काढलेली लोखंडी जाळी खोडात रुतते. खड्डा शक्यतो एक मीटर लांब, रुंद आणि खोल हवा, खोडाभोवती मीटरभर माती उघडी हवी आणि पहिली तीन वर्षे कोरड्या दिवसांत नियमित पाणी हवे.

निविदेत मात्र पैसे लावलेल्या रोपांचे मिळतात. ते तीन वर्षांनी जगलेल्या झाडांचे द्या. निदान देयकाचा मोठा हिस्सा तोवर राखून ठेवा.

एक धोकाही आहे. मोठी देखणी बाग झाली की भोवतालची भाडी वाढतात आणि जिच्यासाठी ती केली ती वस्तीच हलते. तेव्हा एका मोठ्या प्रकल्पाऐवजी विखुरलेल्या लहान जागा निवडा आणि भाडेकरूंच्या संरक्षणाचा आदेश काम सुरू होण्याआधी काढा.

आपले,
नगररचना आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रांतील कार्यकर्ते