वहिनीला सांगा

ती. आई-बाबा, सा. न.

आई, काल फोनवर दादाच्या चिऊचं सांगताना तुझा आवाज एकदम बारीक झाला. डॉक्टरांनी तिच्या पाठीच्या कण्याला १७ डिग्री वाक सांगितलाय, आणि घरात आधी कुणाला होतं का असं विचारल्यावर वहिनीने नाही म्हणून सांगितलं आणि तू शेजारी बसून गप्प राहिलीस, हे ऐकून मला पुढे काही सुचेचना. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा चष्म्याचा नंबर अजून बदलून आणलेला नाही ना.

आधी चिऊचं. १० डिग्रीच्या पुढे गेलं की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, १७ म्हणजे सध्या फक्त लक्ष ठेवायचं. अंगाची वाढ चालू असताना २५ च्या पुढे गेला तर ब्रेस, म्हणजे मला होता तसा पट्टा, देतात, आणि ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचं बोलणं निघतं. ती अकरा वर्षांची आहे, पाळी अजून आलेली नाही, म्हणजे उंची झपाट्याने वाढायचे दिवस पुढेच आहेत आणि वाक वाढायची भीती नेमकी त्याच दिवसांत जास्त असते, त्यामुळे डॉक्टर चार महिन्यांनी म्हणोत नाहीतर सहा, तेव्हाचा एक्स-रे चुकवायचा नाही. परीक्षा आहे, द्राक्षांची छाटणी चालू आहे असलं काही दादाचं ऐकून घेऊ नका.

आणि आई तू परत तेच म्हणालीस, तुझ्या वेळी माझंच लक्ष नव्हतं. अगं तेरा वर्षांच्या मुलीची पाठ आईला दिसते कुठे, आंघोळ स्वतःची स्वतः, कपडे बदलायचे तर दार लावून. शिवणाऱ्या काकूंना परकराची एक बाजू वर जातेय म्हणून कळलं, बऱ्याच जणींचं असंच कळतं, नाहीतर ड्रेस सारखा एका खांद्यावरून घसरतो म्हणून. मला दुखत काहीच नव्हतं मग मी तरी काय सांगणार होते. दप्तराच्या वजनाने, पोक काढून बसण्याने, एका कुशीवर झोपण्याने हे होत नाही. या वयात होणाऱ्या वाकाचं नक्की कारण डॉक्टरांनाही माहीत नाही, फक्त तो बऱ्याचदा घराण्यात असतो एवढं दिसलंय. म्हणून तर ते तुम्हाला विचारत होते!

पट्ट्याचे दिवस मला सगळे आठवतात. मिरजेला अंगावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, सुकताना ते गरम लागायचं, मी घाबरले होते आणि आई तू माझी वेणी वर धरून उभी होतीस. मग त्या साच्यावरून तो जाड प्लास्टिकचा पट्टा, काखेपासून पार कंबरेखालपर्यंत, बंद मागच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आवळल्याशिवाय घालताच यायचा नाही. बाबा रोज सकाळी आवळायचे. बंदावर पेनाने खूण केलेली होती तिथपर्यंत आणल्याशिवाय सोडायचे नाहीत, मी रडायचे, आई म्हणायची जरा सैल राहू द्या हो, आणि बाबा काही न बोलता अजून थोडा ओढायचे. बाबा, सैल पट्ट्याने नुसता त्रास होतो, उपयोग होत नाही, तुम्ही ते त्या वेळी पाळलंत म्हणून आज मी हे लिहितेय. मे महिन्यात आतून घामोळं, कंबरेच्या हाडावर लालभडक चट्टे, पावडर लावायची नाही म्हणून सांगितलेलं, मग आई जुने सुती बनियन उलटे करून, शिवण बाहेर ठेवून, एक सुरकुती राहू द्यायची नाही अशी घालायची. पोट दाबलेलं असायचं म्हणून अर्धी अर्धी भाकरी चार वेळा. हे सगळं तुम्ही माझ्यासाठी कुणी न शिकवता केलंत.

पण घराबाहेर मात्र कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आत्या आली की पाठ दुखते म्हणायचं, लग्नकार्याला पट्टा काढून जायचं. शाळेत एका मुलीचं कोपर लागलं, टक्कन आवाज आला, तिने विचारलं अंगात काय घातलंयस, आणि मला सांगायची परवानगी नव्हती म्हणून मी गप्प, मग मुलींनी त्यांच्या त्यांच्या गोष्टी बनवल्या आणि मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी कुणी बसेना. नववीत खेळाच्या बाईंनी सरळ विचारलं तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकीने पट्ट्यावर वाजवून बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली पडलेली पेन्सिल मला कधी स्वतः उचलावी लागली नाही. हादग्याला पण त्यांनीच ओढून नेलं. तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं आई, तुला वाईट वाटेल म्हणून.

तुला भीती स्थळांची होती, ते मला कळतं, बायका बोलायच्याच तसं, कुबड येईल, मूल होणार नाही. माझं लग्न झालं, मूलही झालं. बाळंतपणाच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मात्र वाक आधी सांगावा लागतो, कारण कमरेत सुई द्यायची तर त्यांना मणक्याची ठेवण माहीत हवी. मी सांगितलं. लपवलं असतं तर?

पट्टा घातला तेव्हा माझा वाक ३२ होता, सुटला तेव्हा ३४. तुम्हाला वाटलं होतं पाठ सरळ होईल, पण ब्रेस वाक बहुतेक थांबवतो, घालवत नाही, आणि हाडांची वाढ संपेपर्यंत तिथेच थांबवणं हाच विजय. आपण केलं तेव्हा याचा पक्का पुरावाही नव्हता. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातला मोठा अभ्यास आला, त्यात ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत ५० च्या खाली राहिला, न घातलेल्यांत ४८ टक्के. म्हणजे न घालताही माझं कदाचित निभावलं असतं, तेही खरंच आहे. पण ब्रेसमध्ये सेन्सर लावून त्यांनी तास मोजले होते, आणि दिवसाला सरासरी १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त मुलांना यश आलं. बाबांची पेनाची खूण आणि माझे रात्रीचे तास वाया गेले नाहीत एवढं मला त्यातून कळलं, आणि मी ऑफिसमध्ये बसून रडले.

आता वहिनीचं. ती रात्रभर जागी असते असं तूच म्हणालीस. तिला वाटतंय तिच्या माहेरून आलं, नाहीतर तिच्याकडून खाण्यापिण्यात काही राहिलं. तिच्या घरात, तिच्या समोर या सगळ्यातून गेलेली आई आहे आणि तिला ते माहीतच नाही, हे मला सहन होत नाहीये. उद्याच सांगा तिला. मी पण संध्याकाळी तिला फोन करणार आहे, त्याच्या आत तुझ्याकडून कळलं तर बरं दिसेल. माझे जुने एक्स-रे तू पेटीत साड्यांखाली ठेवलेत ते तिच्या हातात दे, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे ते घेऊन जा आणि चिऊची आत्या म्हणून माझी नोंद करायला सांगा. माझ्या आत्याच्या नातींनाही पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला लावून मागून बघा, पाठीची एक बाजू वर दिसते का. चिऊला पट्टा लागलाच तर आवळायला बाबा आहेतच, फक्त बंदावरची खूण तिला स्वतःच्या हाताने करू द्या.

तुमची,
पिंकी