वकील कल्याण निधीचा हिशेब सभेसमोर ठेवा : कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय कायदामंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सविनय नमस्कार.

गोव्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. कूळ-मुंडकारांचे (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे किंवा तिच्यावर घर करून राहणाऱ्यांचे) दावे, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची प्रकरणं, भावाभावांतले वाटणीचे तंटे हे माझं रोजचं काम. आज मात्र आमचंच गाऱ्हाणं मांडतो आहे. वकील कल्याण निधीचा तपासलेला हिशेब दरवर्षी प्रत्येक वकील संघटनेच्या सर्वसाधारण सभेसमोर आला पाहिजे आणि आपल्या खात्याची स्थिती प्रत्येक सभासदाला लेखी कळली पाहिजे, ही माझी मागणी आहे.

वकिलाला निवृत्तीचं वय नसतं, याचा लोकांना हेवा वाटतो. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिली चालू असताना आम्हाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. साहजिकच भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. उच्च न्यायालयात नाव कमावलेल्यांचं निभावतं. तालुका कोर्टात ज्यांनी हयात घालवली त्यांचं काय होतं, हे पाहायला आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात या. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक वकील तिथे रोज टेबल टाकून बसतात. हात कापतो म्हणून सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरतात. उलटतपासणी सोडून त्यांना कैक वर्षं झाली. आता प्रतिज्ञापत्रं आणि भाडेकरारांवर दिवस निघतो. त्यांच्या हाताखाली शिकलेली मंडळी आज नावारूपाला आली आहेत. ‘आता विश्रांती घ्या’ असं कोणी म्हटलं की ते म्हणतात, ‘मग औषधांचं बिल कोण भरणार?’

अशांसाठीच कल्याण निधी आहे. कोर्टात दाखल होणाऱ्या वकीलपत्रावर निधीचं तिकीट लावायचं, सभासदाने वर्गणी भरायची आणि वकिली थांबवताना त्याला किंवा त्याच्या मागे वारसांना रक्कम मिळायची, अशी ही रचना. केंद्राच्या २००१ च्या कायद्यात जिल्हा व त्याखालच्या न्यायालयांतल्या वकीलपत्राला ५ रुपयांचं तिकीट आहे, न्यायाधिकरणं व उच्च न्यायालयासाठी १० रुपयांचं. सभासदाची वर्षाची वर्गणी ५० रुपये. राज्याच्या बार कौन्सिलने वकिलीची सनद देताना घेतलेल्या शुल्काचा २० टक्के भागही निधीत जातो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त घ्यायला मनाई केली. राज्याच्या बार कौन्सिलच्या वाट्याचं ते शुल्क सर्वसाधारण उमेदवारासाठी ६०० रुपये आहे. निकाल योग्यच होता, गरीब घरच्या मुलांना तो मोठा दिलासा आहे. पण या मापाने एका नव्या वकिलामागे निधीला १२० रुपये मिळतात. एवढ्या भांडवलावर म्हातारपणाची सोय कशी लागणार?

गोव्यापुरता यावर उपाय तुमच्याच हातात आहे. गोव्याने १९९५ साली स्वतःचा वकील कल्याण निधी कायदा केला. ज्या राज्यांचे असे कायदे आधीपासून होते ते केंद्राने २००१ च्या कायद्याच्या परिशिष्टात राखून ठेवले, म्हणजे त्या राज्यांना केंद्राचा कायदा लागू होत नाही, आणि त्यांत आपला कायदाही आहे. दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही, आपली विधानसभा पुरेशी आहे.

आता वकील संघटनेच्या सभेविषयी. आमची वार्षिक सभा बार रूममध्ये भरते. गणपूर्ती होत नाही, म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू होते. खजिनदार ताळेबंद वाचतात, मागून कोणीतरी ‘मंजूर’ म्हणतो, दुसरा अनुमोदन देतो. पंख्याची दुरुस्ती, ग्रंथालयाची कपाटं, वार्षिक स्नेहभोजन यांवर मनसोक्त चर्चा होते. मी कल्याण निधीचा विषय काढला तेव्हा ‘तो हिशेब वरचा, आपल्या अखत्यारीत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. संघटनांसारख्या संस्थांच्या नोंदणीच्या १८६० च्या मूळ कायद्याचं कलम ४ वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकाकडे द्यायला सांगतं. नावं द्यायची, हिशेबाचं तिथे काही नाही. सगळ्या जगाला कागद मागणारे आम्ही वकील स्वतःच्या पैशाचा कागद मागत नाही, याची मला खंत वाटते.

गोव्यात गैरव्यवहार झाला असं मी म्हणत नाही, कोणावर माझा संशयही नाही. पण केरळचं उदाहरण समोर आहे. तिथल्या वकील कल्याण निधीत २००७ ते २०१७ या काळात कोट्यवधींची अफरातफर झाल्याचा आरोप झाला आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला तपास सीबीआयकडे सोपवावा लागला. निधी वकिलांचा, त्यावर देखरेख करणारे जाणकार, तरीही हिशेबाची तपासणी वर्षानुवर्षं रखडली. दरवर्षी सभासदांपुढे तपासलेला ताळेबंद आला असता तर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कोणीतरी बोट ठेवलं असतं.

माझा एक सहकारी अचानक गेला. महिनाभराने त्याची पत्नी प्लास्टिकच्या पिशवीतून पावत्या घेऊन माझ्याकडे आली. काहींवरची शाई पार उडालेली, काही एकमेकींना चिकटलेल्या. कोणत्या वर्षाची वर्गणी भरली, कोणती राहिली, हे तिला कसं कळणार? मलाही सांगता येईना. बँक साध्या बचत खात्याचा तपशील मोबाईलवर पाठवते, मग या निधीच्या सभासदाला वर्षातून एकदा एक उतारा का मिळू नये?

म्हणून विनंती अशी की १९९५ च्या कायद्यात दुरुस्ती करा. तपासलेला हिशेब सभेच्या किमान तीन आठवडे आधी डिचोलीपासून काणकोणपर्यंत प्रत्येक संघटनेकडे पोचावा आणि त्यावर चर्चा झाल्याची नोंद इतिवृत्तात असणं सक्तीचं व्हावं. वैयक्तिक उतारा दरवर्षी मिळावा. दावा निकाली काढायला मुदत ठरवून द्यावी, ती उलटली तर व्याज द्यावं. शिवाय एकरकमी पैशांऐवजी मासिक पेन्शन घेण्याची मुभा हवी. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुली आहे. सभासदाच्या खात्यात सरकारने थोडी भर घातली तर तरुण वकील पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला टाकतील. आपल्या राज्याने दयानंद सामाजिक सुरक्षा योजना सुरू करून वृद्धांना आधार दिला, त्यामुळे हे राज्याच्या आवाक्याबाहेरचं आहे असं मला वाटत नाही.

मसुदा तयार करायला माणसं लागली तर कळवा. माझ्यासकट तालुक्यातले काही वकील एक पैसाही न घेता बसायला तयार आहेत. पुढच्या अधिवेशनात हे विधेयक मांडलं जाईल का, याचं उत्तर आमच्या संघटनेच्या येत्या सभेपूर्वी मिळावं, म्हणजे ते मला सभेत वाचून दाखवता येईल.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील