सतरंजी रंगवण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, माझ्या गालिचे रंगवण्याच्या कामात रंगांमुळे छातीला काही होईल म्हणून घाबरू नकोस. धोका असतो तो कोरडी पूड नाकात जाण्याचा, आणि ती पाण्यात विरघळेपर्यंत मी मास्क काढत नाही. हातमोजेही असतात.

लग्नासाठी जुनी सतरंजी रंगवायची म्हणतेस, तर आधी एक धागा काढून जाळून बघ. कागदासारखा जळाला तर सूत, जळक्या केसांचा वास आला तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम. कृत्रिम निघाली तर नाद सोड. त्यातला नायलॉन रंग धरतो, पण पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिकचाच एक धागा) अजिबात धरत नाही.

सूत असेल तर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुताच्या धाग्याशी पक्का जोडला जाणारा) घे, सतरंजीच्या 1 किलो कोरड्या वजनाला 20 ते 40 ग्रॅम. सतरंजी साबणाने स्वच्छ धू, कारण तेलकट जागी रंग चढत नाही. मग लिटरला 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजव, पिळ आणि ब्रशने रंग लाव. रंगाच्या भांड्यात सोडा आधीच घालू नकोस, रंग पाण्याशीच संयोग पावून वाया जातो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ओली ठेव. वाळली की रंग बसायचा थांबतो. नंतर आधी गार, मग गरम पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धू. लोकरीला मात्र सोडा लावू नकोस, ती खराब होते. तिला अ‍ॅसिड डाय (आंबट पाण्यात चढणारा रंग), व्हिनेगर आणि उष्णता लागते.

रंग पारदर्शक असतो, त्यामुळे डाग झाकले जात नाहीत. पिवळ्यावर निळा दिलास तर हिरवाच येणार. गडद छटा निवड.

इथे गालिचे भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीलाच पक्के केलेले. कडेला लाकडी पट्ट्या, त्यांना वर टोकं केलेले बारीक खिळे, त्यांत गालिचा ताणून अडकवतात. उचलून धुणं नाहीच. म्हणून तो जागेवरच रंगवतात, तोही नायलॉनचा किंवा लोकरीचा असेल तरच. बाबा, याच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

हॉलचे उरलेले पैसे परवा पाठवलेत, मिळाले की कळवा. धाकटीला सांगा, साडीचे वेगळे देईन. चार दिवस आधी यायचं कबूल केलं होतं, पण रजा कमी मिळाली. आदल्या संध्याकाळी पोहोचेन. कामं टाळतेय असं मानू नका. माझ्या स्थळाचं आल्यावर बोलू, त्या मंडळींना आत्ताच शब्द देऊ नका.

तुमची,
मोठी