नंदा, ती चिठ्ठी फ्रिजवरून काढ

प्रिय नंदा,

काल भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, डॉक्टरांनी पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्या म्हणून लिहून दिलंय आणि ती चिठ्ठी अजून फ्रिजवर चिकटवलेलीच आहे, तुमची मैत्रीण विषयच काढू देत नाही. फोन केला तर तू मलाही दोन मिनिटांत दुसऱ्याच गोष्टीवर नेशील, म्हणून लिहितेय. मोठं होईल, चहा घेऊन बस.

आधी एक सांगते, तुला भीती वाटते यात काहीच चुकीचं नाही. दिवाळीत स्टेंट बसलाय, शुगर आहे, नुसतं जिना चढून धडधडलं तरी पोटात गोळा येत असणार. त्यात तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ, कोणी जिममध्ये कोसळला, कोणी वरातीत नाचताना गेला, आणि खाली लिहिलेलं असतं 'लसीमुळे'. अशा वेळी "काही होत नाही गं" म्हणणाऱ्यांचा मला तर रागच यायचा.

माझं २०२१ चं तुला अर्धंच माहितीये. प्लास्टर घालून पडून होते तेव्हा पायात गुठळी झाली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी, अ‍ॅसिट्रॉम चालू. १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना कोविडची लस सुरू झाली आणि बरोब्बर त्याच्या आधी मार्चमध्ये डेन्मार्क वगैरे देशांनी, आपल्याकडे कोविशील्ड नावाने मिळायची तीच लस थांबवल्याच्या बातम्या, कारण काय तर गुठळ्या! म्हणजे ज्याला मी घाबरत होते नेमकं तेच. रात्री झोप नाही, पायाला जरा मुंग्या आल्या तरी मी उठून दिवा लावून पोटरी बघायचे. इकडे पाचपाखाडीत आमच्या बिल्डिंगमधले सगळे घेऊन आले, मी आपली आज नको उद्या.

शेवटी ह्यांनी मला कागद दिला आणि म्हणाले, काय काय वाटतं ते लिही आणि डॉक्टरांनाच विचार. मी लिहिलं. एक, माझी आधीची गुठळी आणि लसीची गुठळी एकच का? दोन, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना दंडात सुई मारली तर रक्त थांबेल का? तीन, काही झालं तर मला कळणार कसं?

डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं बघ. म्हणाले, लसीनंतरच्या त्या दुर्मीळ गुठळीत शरीर प्लेटलेटमधल्या एका प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, प्लेटलेट कमी होतात, लाखात एखाद-दोन जणांना. तुमची झाली ती पाय महिनाभर हलला नाही म्हणून, तो वेगळाच प्रकार. उलट कोविड झाला तर गुठळीचा धोका त्याहून कितीतरी जास्त. गोळी बंद करायची नाही, रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर तपासणी करून घ्या, बारीक सुई मागा आणि नंतर दाबून धरा, चोळू नका. आणि काय झालं तर लगेच यायचं तेही लिहून दिलं, कमी न होणारी डोकेदुखी, दम लागणं, पाय सुजणं, अंगावर बारीक लाल ठिपके. तो कागद हातात आल्यावर मला श्वास घेता आला. कारण आता प्रत्येक मुंगीला घाबरायचं नव्हतं, चारच गोष्टींवर लक्ष ठेवायचं होतं.

सेंटरवर माझे हात गार पडले होते. नर्सला सांगितलं, ताई मी अ‍ॅसिट्रॉमवर आहे आणि मला खूप भीती वाटतेय. तिने आधी पाणी प्यायला लावलं, मग सुई झाल्यावर स्वतः कापूस दाबून धरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, चांगली दोन-तीन मिनिटं, मागे रांग असून. कापूस काढला तर एवढासा ठिपका. अर्धा तास खुर्चीवर बसले आणि घरी आले. दंड दुखला, रात्री कणकण आली, बास.

आता तुझं. २०२४ मध्ये त्या लसीच्या मूळ कंपनीने, अ‍ॅस्ट्राझेनेकाने, लंडनच्या कोर्टात गुठळीचं मान्य केल्याची बातमी आली ना, ती तू मला तीनदा तरी फॉरवर्ड केलीस. अगं ते युरोपातल्या औषध संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, कोणी लपवलं नव्हतं. आणि कोविशील्डमध्ये चिंपांझीचा एक निरुपद्रवी केलेला व्हायरस वाहक म्हणून होता, फ्लूच्या इंजेक्शनमध्ये तसलं काही नसतं. त्यात जिवंत व्हायरसच नसतो, त्यामुळे त्यातून फ्लू होतच नाही. आणि त्या व्हिडिओंचं म्हणशील तर आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ४७ हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयाच्या अचानक गेलेल्या लोकांचा अभ्यास केलाय, कोविडच्या लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला.

मला तुला कळकळीने सांगायचंय ते हे की तुला लस स्टेंटमुळेच लिहून दिलीये. कॅनडात एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट सापडलं. सहापट, नंदा! ताप, सूज, सगळा ताण हृदयावरच येतो गं. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण झालाच तर जोर कमी राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आत्ताच घ्यायची.

गुठळी होऊ नये म्हणूनची इकोस्प्रिन आणि ती दुसरी गोळी मनाने बंद करू नकोस, इंजेक्शनसाठी तर मुळीच नाही. ताप असेल तर थांबू. आधी कुठल्या लसीने जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायचं, पण तुला तसं कधी झालेलं मला आठवत नाही. आणि तिथे धडधडायला लागलं तर लाजू नकोस, आडवं पडून घ्यायची सोय असते, सांगायचं.

गुरुवारी सकाळी मी वाशी लोकल पकडून येते, ठाण्याहून दीघा गाव झालं की ऐरोलीच. तोपर्यंत तुझे प्रश्न लिहून काढ, कितीही बारीक वाटले तरी, डॉक्टरांकडे आधी ते विचारू आणि मगच सुई. त्यांच्या उत्तराने तुझं समाधान झालं नाही तर त्या दिवशी घेऊ नकोस, मी काही बोलणार नाही. फाइल आणि गोळ्यांची यादी पिशवीत ठेव, सैल बाह्यांचा कुर्ता घाल. नंतर घरी आपण वरण-भात लावू, भाऊजींना म्हणावं कैरी आणून ठेवा.

तुझी,
शुभा