वुशूचे गुणही समजावून सांगा

महोदय,

वुशू या चिनी युद्धकलेच्या खेळाचे नाव काढले की अजूनही 'ते कुंगफू का?' असे विचारले जाते. वर्तमानपत्रांत पदकाची बातमी येते, पण खेळ कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीने सांडा प्रकारात ६० किलो गटाचे रौप्य जिंकले. अंतिम फेरीत चीनच्या वू श्याओवेईकडून ती हरली. पण ती कशी हरली, गुण कुठे गेले, हे कोणी लिहिले नाही. सांडात ठोसे आणि लाथांबरोबर प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्यालाही गुण असतात. शिवाय लढत उंच चौथऱ्यावर होते आणि एका फेरीत दोनदा खाली पडणारा ती फेरी गमावतो. कुस्तीवर पोसलेल्या महाराष्ट्राला हे समजायला कितीसा वेळ लागणार?

दुसरा प्रकार ताओलू. त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. तलवार, भाला किंवा रिकाम्या हातांनी सादरीकरण करायचे आणि पंचांनी गुण द्यायचे. माझ्यासारख्या चाहत्याला तिथे समालोचकाची खरी गरज भासते, आणि नेमका तोच गप्प असतो!

त्याच हांगझोऊला अरुणाचलच्या तीन वुशूपटू मुली चीनच्या व्हिसा-धोरणामुळे पोहोचू शकल्या नाहीत. त्या वादावर रकानेच्या रकाने आले. त्या मुली खेळणार काय होत्या, हे मात्र मला शोधावे लागले. पुढच्या आशियाई स्पर्धेआधी आपल्या क्रीडा पानावर गुणपद्धतीची एक चौकट तरी छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे