नाटकाची तिकिटं बंद करू नकोस

मुलुंड,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मंद्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, सोबतची खर्चाची यादीही नीट बघितली. फोन केला असता, पण पैशाचा विषय निघाला की तू 'हो हो, बघतो' म्हणतोस आणि गाडी चिऊच्या शाळेवर नेतोस. म्हणून बसून लिहितोय. वहिनींना शेजारी घेऊन वाच.

नवीन वर्षात काय काय बंद करणार ते तू लिहिलंयस. महिन्याचं नाटक, लायब्ररीची वर्गणी, दिवाळी अंक, रविवारची मिसळ. मी बेरीज मारली. सगळं मिळून महिन्याला अडीच हजारांच्या आत येतं. त्याच यादीत तळाशी एक ओळ आहे, 'कार्ड – मिनिमम भरलं', आणि तिच्यापुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. माझ्या मते सगळी गडबड त्या ओळीत आहे. गच्चीवरच्या टाकीला भोक पडलंय आणि तू तुळशीचं पाणी कमी करतोयस.

आधी कार्डाचं बघू. स्टेटमेंट समोर घे. पहिल्याच पानावर दोन आकडे असतात, टोटल अमाउंट ड्यू आणि मिनिमम अमाउंट ड्यू. दुसरा भरला की लेट फी लागत नाही, बँकेचा फोन येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की महिना निभावला. तुझी थकबाकी ८०,००० आहे. व्याजाचा दर बँकेप्रमाणे थोडा बदलतो, पण महिना साडेतीन टक्के हा नेहमी दिसणारा दर, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ८०,००० वर महिन्याचं व्याज २,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी ५०४. झाले ३,३०४. तू ४,००० भरलेस, म्हणजे मुद्दलातून सुटले फक्त ६९६. शिवाय मागची बाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर किराणा भरलास तर त्याचं व्याज आजपासूनच सुरू. जे अडीच हजार तू घरातला सगळा आनंद आवरून वाचवणार आहेस, त्याहून जास्त दर महिन्याला नुसत्या व्याजात जातंय.

आणि तुझ्याकडे हे फेडायला पैसे आहेत! पतसंस्थेतली दीड लाखाची मुदत ठेव. 'ठेव मोडायची नसते' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या आईचंही हेच म्हणणं, आणि तिच्या काळात ते बरोबर होतं, कारण तिच्या काळात घरात ४२ टक्क्यांचं कर्ज नव्हतं. नऊ टक्क्यांची ठेव सांभाळायची आणि ४२ टक्क्यांचं कर्ज वाढू द्यायचं, यात बचत कुठेच नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजात एखाद-दोन टक्क्यांचा फटका बसेल. बसू दे.

त्या ठेवीबद्दल आणखी एक. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही असतं. २०२० साली ती मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली. पतसंस्था मात्र या विम्यात येत नाही. तिथले लोक कितीही सज्जन असोत, संचालक आपल्या ओळखीचे असोत, उद्या काही झालं तर मागे कोणी नाही. दोन टक्के जास्त व्याज मिळतं ते या धोक्याचंच. कार्ड फेडून उरतील ते ७० हजार साध्या बँकेत ठेव आणि घराला अडीअडचणीला असू देत.

तू मोठ्या अभिमानाने लिहिलंयस की दिवाळीचा बोनस होम लोनला पार्ट पेमेंट केला. होम लोन साडेआठ टक्क्यांच्या आसपासचं, त्यातल्या त्यात स्वस्त कर्ज. पुढचा बोनस आला की पहिला मान कार्डाचा, मग बाकीच्यांचा.

आता हे ८० हजार साचले कसे? तुझी यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं. तुझा महिन्याचा खर्च पगारात बसतो. घात होतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. जूनला फी, गणवेश, पुस्तकं. भाद्रपदात गणपतीला गावी जाणं, तेही चौघांचं. मग दिवाळी. मग मार्चमध्ये पॉलिसीचा हप्ता, मध्येच गाडीचा विमा. हे दरवर्षी येतं हे ठाऊक असूनही आपण त्यांना 'अचानक आलेला खर्च' म्हणतो, आणि अचानक आलेला खर्च कार्डावर जातो. तू दिलेल्या आकड्यांवरून वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. म्हणजे महिन्याला १५ हजार. पगाराच्या दुसऱ्या दिवशी एवढी रक्कम आरडीत किंवा वेगळ्या बचत खात्यात गेली पाहिजे, त्या खात्याचं डेबिट कार्डसुद्धा पाकिटात नको. पहिल्या वर्षी पूर्ण १५ हजार जमणार नाहीत हे मला दिसतंय. आठने सुरुवात कर. पॉलिसीचं मी खाली म्हणतोय तसं केलंस तर यातलाच मोठा तुकडा मोकळा होईल.

पॉलिसीकडे येतो. मामांनी दिलेली आहे, तेव्हा विषय नाजूक आहे, पण तुझ्यामाझ्यात नाजूक काय? वर्षाला ४८,००० हप्ता, २० वर्षं मुदत, विमा रक्कम दहा लाख. या जातीच्या पॉलिसीत बोनस धरून परतावा साधारण पाच ते साडेपाच-सहा टक्के पडतो. साडेपाच धरला तर २० वर्षांनी हातात येतात १७ लाख ६५ हजारांच्या आसपास. तेच ४८,००० दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले, आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरलं आणि १५ वर्षांनंतर आणखी पाच वर्षं मुदत वाढवली, तर २१ लाख ३० हजारांच्या आसपास होतात. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ नाही. पण २०२० पासून दर ७.१ च आहे.

मला मात्र परताव्याहून विम्याच्या रकमेची जास्त काळजी वाटते. दहा लाख! तुझं होम लोनच ३४ लाख बाकी आहे. देव न करो, पण तुला काही झालं तर वहिनी त्या दहा लाखांत कर्ज फेडणार, चिऊला शिकवणार की काकूंना बघणार? तुझ्या वयाच्या, तंबाखू-सिगरेट नसलेल्या माणसाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स साधारण १५ ते २० हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. टर्ममध्ये शेवटी काही परत मिळत नाही म्हणून घरात कुरकुर होते, पण विम्याचं काम तेवढंच आहे आणि ते तो चोख करतो.

क्रम मात्र चुकवू नकोस. आधी टर्मचा अर्ज, मेडिकल, पॉलिसी हातात. मगच मामांची पॉलिसी सरेंडर करायची की पेड-अप, ते ठरवायचं. सरेंडर म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून मिळतील ते पैसे घेणं. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते थांबतात, विमा रक्कम त्या प्रमाणात कमी होते आणि जमलेलं मुदतीअखेर मिळतं. सरेंडर केलंस तर किती मिळतील ते कंपनीकडून लेखी माग. ऑक्टोबर २०२४ पासून हे नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे सैल झालेत. दोन्ही आकडे आले की आपण बसून गणित करू.

मामांना वाईट वाटेल म्हणून तू थांबला आहेस, हे मी समजू शकतो. त्यांनी तुझ्या मुंजीपासून लग्नापर्यंत सगळ्यात हातभार लावलाय. तू स्वतः घरी जाऊन सांग, दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जायला नको. आणि 'टॅक्स वाचतो ना' असं ते म्हणाले तर सांग की तू नव्या करप्रणालीत आहेस, तिथे पॉलिसीच्या हप्त्याची वजावटच नाही. पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, तुझा पगार ११ लाख. तू वाचवतोयस तो कर तुला मुळात लागूच नाही.

ऑफिसमधल्या त्या शेअर-टिप्सच्या टेलिग्राम ग्रुपचं दोनच वाक्यांत. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांचा हिशेब काढला, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी दोन लाख रुपये प्रत्येकी. आजच ग्रुप सोड.

ओटीटीचं बघ. पाच ॲपचे पैसे दर महिन्याला, दर वर्षाला आपोआप कापले जातायत. त्यातली दोन तुम्ही गणपतीपासून उघडलेली नाहीत असं वहिनीच म्हणाल्या. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक पान असतं, तिथे सगळी परवानगी दिलेली नावं दिसतात. एक ठेव, बाकीची रद्द कर. महिन्याने कंटाळा आला तर बदलून दुसरं घे. आणि मोबाईलचा 'नो कॉस्ट ईएमआय' पुन्हा घेऊ नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. कुठेतरी किमतीत, कुठेतरी प्रोसेसिंग फीमध्ये ते वसूल होतंच.

यातून जे सुटेल त्यात नाटक आरामात बसतं. मी हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. सकाळी साडेसातची लोकल, दारात लटकून दादर, रात्री साडेआठला घर. आठवड्यात चिऊ तुला जागी भेटते किती वेळ? महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात चारचा प्रयोग, तिसरी घंटा, अंधार होताना तिचं तुझ्या बाहीला धरणं, मध्यंतरात रांगेत उभं राहून घेतलेला गरम बटाटावडा, त्याची हिरवी चटणी तिच्या फ्रॉकवर. घरी चालत येताना ती अख्खा दुसरा अंक करून दाखवते हे तूच मला सांगितलंस. त्या दोन-अडीच तासांत तुझ्या हातात मोबाईल नसतो. एवढं देणारी दुसरी कुठली गोष्ट दीड हजारात मिळते ते मला दाखव. मॉलमध्ये तिघांचा सिनेमा, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून याहून महाग पडतो, आणि तो तू यादीतून काढलेला नाहीस! नाटकाच्या तिकिटाला आणखी एक सवलत आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. मागच्या रांगांची तिकिटं तर त्याहून बरीच स्वस्त असतात, आणि आपण दोघांनी कॉलेजात सगळी नाटकं बाल्कनीतूनच बघितली की.

लायब्ररीही राहू दे. वर्गणी थोडी, घरात तीन वाचणारी माणसं. दिवाळी अंक विकत घ्यायचे नसतील तर लायब्ररीची दिवाळी अंक योजना घे, आलटून पालटून सगळे वाचून होतात. मिसळीवर मी काहीच बोलणार नाही, त्यात माझाही स्वार्थ आहे.

शेवटचा विषय काकूंचा, आणि मला तो सगळ्यात तातडीचा वाटतो. त्यांना फक्त तुझ्या कंपनीचा मेडिक्लेम आहे. नोकरी सुटली किंवा बदलली की त्या दिवसापासून तो संपला. काकू ६८ च्या, त्यांना साखर आणि बीपी. 'आता या वयात कोण देणार' असं तू लिहिलंयस, पण एप्रिल २०२४ पासून नियमातली ६५ वर्षांची अट गेली आहे. हप्ता जड वाटेल हे खरं. मात्र आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. तू जितके महिने लांबवशील तितकी ती पुढे जातील. ७० पूर्ण झाल्या की उत्पन्न कितीही असलं तरी त्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळेल, ते काढायचंच. पण सगळी खासगी रुग्णालयं त्या योजनेत नाहीत, म्हणून फक्त त्यावर विसंबू नकोस.

फॉर्म भरताना साखर, बीपी, पाच वर्षांपूर्वीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं लिही. एजंट म्हणेल 'एवढं लिहायची गरज नाही'. त्याचं ऐकू नकोस. क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागवते आणि नेमकं तेच बाहेर काढते. रूम रेंटला मर्यादा आहे का, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती टक्के, डोंबिवली-ठाण्यातली कुठली रुग्णालयं कॅशलेसमध्ये आहेत, एवढं विचारून घे. काकूंचे गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेव. पुढच्या शनिवारी मी सकाळी दहापर्यंत येतो, दोन-तीन कंपन्यांचे कोट काढून आणतो, आणि आपण फॉर्म तिथेच भरू.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग, चिऊला खूप खूप लाड.

तुझा,
नंदू