तिचा बाप हयात आहे, चाकणला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रिअ‍ॅलिटी शोवरचा लेख वाचून एक दिवस गप्प बसलो. राग निवला नाही, म्हणून हे पत्र. लेखकमहाशय म्हणतात, तिथे कुणाला हात धरून नेत नाहीत, लोक सही करून जातात. आणि ज्याला बघवत नाही त्याच्या हातात रिमोट आहेच. वा! मी 31 वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. गाडीत रंगवलेले नियम आधी वाचून मग सीटवर टेकलेला प्रवासी मला एकही भेटला नाही. नातीच्या गाण्याच्या शोसाठी आम्ही सही केलेला करार इंग्रजीत होता, बावीस पानी, आणि बाहेर दोनशे पोरं रांगेत उभी होती.

माझी नात गाते. कुठल्या वाहिनीवर गेली ते लिहीत नाही, पोरीची शाळा अजून व्हायची आहे. पहिल्या चाचणीतच फॉर्मवर एक रकाना होता: घरची परिस्थिती, अडचणी, दुःखद प्रसंग. सुनेने प्रामाणिकपणे 'काही नाही' लिहिलं. तिथल्या मुलीने फॉर्म परत दिला, म्हणाली, "काकू, आठवून बघा ना."

मग मुंबईहून चौघं जण विट्याला घरी आले, शूटिंगला. बोलायला अगदी गोड, चहाचे कपसुद्धा स्वतः उचलून ठेवले. पण आल्या आल्या फ्रिजवर चादर टाकली. सोफा मागच्या खोलीत नेला, सतरंजी अंथरली. मला म्हणाले, आजोबा, खाकी आहे का अजून? मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. पँटचं बटण लागेना, तर म्हणाले वरचंच दिसेल. बिल्ला लावला. तिकिटांची जुनी पेटी माळ्यावरून काढली आणि पंच टिकटिक वाजवत अंगणात तीनदा चालायला लावलं. आणि मी चाललो, हेही लिहितो, नाहीतर लेखकमहाशय म्हणतील सगळा दोष दुसऱ्यांवर टाकतो म्हातारा.

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्या दिवशी मुद्दाम रजा काढून, रात्रभर प्रवास करून आला होता. त्याला सांगितलं, दादा, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर थांबा. तो दिवसभर शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून होता.

एपिसोड लागला तेव्हा कळलं का ते. तिकिटं फाडून नातीला शिकवणारा आजोबा, मागे बासरी, कोपऱ्यात दिवा. बापाचा उल्लेखच नाही. खोटं म्हणाल तर एक वाक्य खोटं नव्हतं! एका परीक्षकांनी डोळे पुसले. हे सगळं चारेक मिनिटं. अभंगाला दीड मिनिट, त्यातला शेवटचा अंतरा कापलेला, जो पोरीने महिनाभर घोटला होता. दुसऱ्या दिवशी बेळगावहून माझ्या मावसबहिणीचा फोन. ती रडतच होती. म्हणाली, एवढं झालं आणि आम्हाला कळवलं पण नाहीस? फोन स्पीकरवर होता, मुलगा समोर पोहे खात होता.

लेखात अर्थकारणाचं नुसतं नाव आहे, म्हणून कंडक्टरच्या बुद्धीने सांगतो. मालिकेला कथा लिहिणारा लागतो, नटांना दिवसाचे पैसे द्यावे लागतात. इथे कथा आमच्या घरची, नट आम्हीच, आणि त्याचा मोबदला म्हणून जेवणाचं कूपन. वर मतं द्यायलाही आमचेच नातेवाईक. 2007 साली 'कौन बनेगा करोडपती'च्या वेळी घरबसल्या उत्तर पाठवायला एका एसएमएसला 2 रुपये 40 पैसे पडायचे. बक्षीस त्याच पैशातून जातं असं म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला मिळून 1 कोटीचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तसा पुरावा नाही म्हणून तो रद्द केला. न्यायालयाचं मान्य. पण आम्ही कंडक्टर रोज वेबिल, म्हणजे तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब, जुळवल्याशिवाय घरी जात नव्हतो. मतं किती आली, कुणाला किती पडली, हा हिशेब प्रेक्षकाला कुठे कळतो?

2024 मध्ये मोढव्याचा सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी' जिंकला, 14 लाख 60 हजार मिळाले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. आईबाप गेलेला पोरगा, त्याचं दुःख खरं होतं. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांनी काय आणायचं, एवढंच विचारतो. 'लिटिल चॅम्प्स'ची ती पाच पोरं आठवा, 2008-09 ची. मला त्यांची गाणी आठवतात, कुणाच्या घरात फ्रिज होता ते नाही.

आणि तुम्हीही सोवळ्यातले नाही, संपादकसाहेब. ज्या अंकात हा लेख, त्याच अंकात पान तीनवर कोण कुणाला काय बोललं, कोण घराबाहेर पडलं, फोटोसकट चार कॉलम. आमच्या तालुक्याची पाण्याची बातमी त्याच्याखाली, सहा ओळी.

ता. क. गेल्या मंगळवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही. उभा सात अडला आहे.

– एक निवृत्त वाहक, विटा (जि. सांगली)
(नाव-पत्ता कळवला आहे. छापू नये.)